शेजारच्या आजीची साक्ष
(ऊर्जानगर येथील पालकमेळाव्यातील भाषण)



वसतिगृहातील मुलांचे अभिरूप न्यायालय आपण आताच पाहिले. खटला वनहक्काचा, साक्षीदार दावेदाराच्या शेजारची आजी. सरावात आजी झालेली मुलगी गप्प व्हायची, आणि वकील झालेला मुलगा तिला उत्तर सुचवायचा. मी त्याला सांगितले, “सरतपासणीत उत्तर सुचवायचे नसते. ‘ती जमीन कोण कसत होते?’ एवढेच विचार आणि थांब.” आज तो थांबला. ती बोलली, उलटतपासणीतही डगमगली नाही.

वनहक्क नियमांप्रमाणे दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदनही पुरावा ठरते. उद्या ग्रामसभेत खरी आजी बोलेल, तेव्हा तिचेच शब्द लिहून घ्यायला आपली ही मुले असावीत. त्यांच्यासाठी प्रार्थना करीत राहा.