फळमाशीचे हरवलेले पंख

केळी जरा अधिक पिकली, की त्यांच्याभोवती इवलीशी चिलटे घिरट्या घालू लागतात. आपण ती हाताने हाकलतो आणि विसरून जातो. परंतु जेमतेम तीन मिलिमीटर लांबीच्या या फळमाशीने आनुवंशिकतेचे जेवढे रहस्य मानवास उलगडून दाखविले, तेवढे क्वचितच दुसऱ्या प्राण्याने दाखविले असेल.

मधमाशीला आणि फुलपाखराला पंख चार. फळमाशीला मात्र दोनच. मग तिचे मागचे पंख गेले कोठे? त्यांच्या जागी घुंडीसारखी दोन लहान इंद्रिये असतात. त्यांना संतोलक म्हणतात. उडताना माशीचा तोल ती राखतात. 1915 साली अमेरिकेत कॅल्व्हिन ब्रिजेस यांना एक विलक्षण माशी आढळली. तिच्या संतोलकांना काहीसे पंखाचे रूप आले होते. हाच धागा एडवर्ड लुईस यांनी अनेक वर्षे चिकाटीने धरला आणि संकर घडवीत घडवीत अखेर चार पंखांची माशी सिद्ध केली. 1995 सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते.

याचे मूळ अल्ट्राबायथोरॅक्स नावाच्या जनुकात आहे. हे जनुक स्वतः पंख घडवीत नाही, की संतोलकही घडवीत नाही. डीएनए हा पेशीतील मूळ ग्रंथ मानला, तर त्यातील हवा तेवढा मजकूर उतरवून घेण्याचे काम पेशीत सतत चालू असते. या जनुकापासून होणारे प्रथिन डीएनएला ठिकठिकाणी चिकटते आणि कोणता मजकूर उतरावा, कोणता उतरू नये, यावर नियंत्रण ठेवते. त्याचा अंमल मागील अंगातून उठला, की दडपलेला पंख पुन्हा प्रकटतो.

येथे एक कोडे उभे राहते. हेच प्रथिन मधमाशीच्या आणि फुलपाखराच्या मागच्या पंखांतही असते. तरी तेथे पंख पंखच राहतात! पुण्यास पाषाण येथील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत एल. एस. शशिधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोड्याचा पाठपुरावा केला. फळमाशी, मधमाशी आणि रेशीमकिडा यांच्या डीएनएवर हे प्रथिन कोठे कोठे चिकटते, याची त्यांनी तुलना केली. पंखाच्या घडणीशी निगडित काही जनुकांवर ते तिघांतही चिकटते, परंतु परिणाम मात्र सारखा होत नाही. हुकूम देणारा तोच. तो मानणारे मात्र काळाच्या ओघात बदलले.

कोणाचा स्वभाव पाहून आपण सहज म्हणतो, ‘ते त्याच्या रक्तातच आहे.’ या जनुकाची भावंडे आपल्याही पेशींत आहेत आणि गर्भात मणक्यांची ठेवण ठरविण्यात त्यांचा वाटा असतो. म्हणून असा निवाडा देण्यापूर्वी या माशीचे स्मरण करावे. एकच जनुक एका कीटकात पंख आवरते आणि दुसऱ्यात राहू देते. आनुवंशिकतेचा ग्रंथ जन्मतःच हाती येतो, हे खरे. पण त्यातील कोणते पान केव्हा वाचले जाते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.