जायद आणि बेवड



शेतीच्या शब्दांत शेतीचा विचार साठलेला असतो. अरबीत खरीप म्हणजे शरद, रब्बी म्हणजे वसंत. आणि या दोहोंहून अधिक ते जायद. आपला ‘जादा’ हा शब्द त्याच धातूचा. होशंगाबाद (२०२२ पासून नर्मदापुरम्) आणि हरदा या जिल्ह्यांत, तवा धरणाच्या कालव्यांवर, गव्हामागून उन्हाळी मूग हे जादा पीक आता सर्रास घेतले जाते.

हा मूग सुमारे ६० ते ७० दिवसांत येतो. त्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र बांधून ठेवतात. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेल्या अशा गुणाला मराठी शेतकरी ‘बेवड’ म्हणतो. पदरात काय पडले याबरोबरच मागे काय उरले, हेही तो मोजतो.

परंतु मूग पावसाआधी निघावाच लागतो. त्या घाईत गव्हाची धसकटे जाळली जातात. उभे पीक एकदम वाळावे म्हणून त्यावर तणनाशक फवारले जाते. २०२५ साली मध्य प्रदेश शासनाने याच कारणास्तव मुगाच्या खरेदीस प्रथम नकार दिला. मागाहून ती मान्य केली.

दोष मुगाचा नव्हे, घाईचा आहे. धसकटांतच पेरणी करणारी यंत्रे आहेत, लवकर पिकणारे वाण आहेत. लहान शेतकऱ्याला ते परवडतील अशी सोय मात्र समाजाने करावयाची आहे. राख आणि विष यांचा बेवड अखेर पुढच्या पिढीच्याच वाट्याला येतो. शेतीवाडी सांभाळणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी जादा पीक अवश्य घ्यावे. हिशेब मात्र बेवडासह मांडावा, एवढीच विनंती.