रुप्याचा डोंगर आणि चार मजली शाळा



अमेरिकेच्या पश्चिमेला नेवाडा नावाचे राज्य आहे. पाऊस थोडा, माती रेताड, डोंगर उघडेबोडके. या राज्यात स्टोरी नावाचा एक जिल्हा आहे. तिकडे जिल्ह्याला काउंटी म्हणतात. याचे क्षेत्रफळ अवघे २६४ चौरस मैलांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्याएवढे. जिल्ह्याचे मुख्य गाव व्हर्जिनिया सिटी. ते डोंगराच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून अधिक उंचीवर वसले आहे. आज या गावाची ओळख आपण करून घेऊ, आणि मातीखालचे धन संपल्यावर वर काय उरते, तेही पाहू.

मुळात हा मुलूख पायूट आणि वॉशो या आदिवासी लोकांचा. डोंगरातल्या पाइनच्या बिया गोळा कराव्यात, शिकार करावी, असे त्यांचे जीवन. १८५९ साली काही गोरे लोक तिथे सोने शोधत होते. माती पाण्याने चाळून सोन्याचे कण वेचायचे, हा त्यांचा धंदा. पण चाळणीत एक निळसर-काळा, जड चिखल सारखा अडकू लागला. वैतागून ते तो बाजूला फेकून देत. पुढे कोणीतरी त्याचा नमुना तपासायला कॅलिफोर्नियात पाठवला, तेव्हा उलगडा झाला. फेकून दिलेला चिखल म्हणजे रुप्याचे कसदार खनिज होते! त्यातल्या धातूच्या किमतीत तीन हिस्से रुपे आणि एक हिस्सा सोने होते. या धातुशिरेला कॉम्स्टॉक नावाच्या माणसाचे नाव पडले. पण त्याने आपला हिस्सा त्याच वर्षी थोडक्या पैशात विकून टाकला. ज्यांनी शीर शोधली, तेही धनवान झाले नाहीत. पायूट लोकांच्या वाट्याला तर पुढच्याच वर्षी, १८६० साली, लढाई आली. त्यांची शिकारीची राने गेली आणि बियांची झाडे सरपणासाठी तुटली.

आता खाणीचे काम कसे चाले, ते ऐका. खाली गेल्यावर ही शीर चाळीस-पन्नास फूट रुंद झाली. माती ठिसूळ. नुसते खांब लावून छत टिकेना, माणसे गाडली जाऊ लागली. १८६० साली फिलिप डायडेशायमर या जर्मन अभियंत्याने एक तोड काढली. जाड लाकडांच्या चौकोनी चौकटी एकमेकींत अडकवायच्या, वर, खाली, बाजूला, हव्या तितक्या. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना, म्हणा ना. पुढे ही पद्धत दूरदूरच्या खाणींत गेली. पण चौकटींना लाकूड लागे, आणि ते आले शेजारच्या सिएरा नेवाडा पर्वतातून. त्या जंगलांचे डोंगरच्या डोंगर बोडके झाले आणि सारे लाकूड जमिनीच्या पोटात गेले.

खाणीत चार डॉलर रोज मिळे. त्या काळी ही मजुरी चांगली होती, आणि ती कामगारांच्या संघटनेने टिकवली होती. पण तीच संघटना चिनी मजुरांना खाणीत पाय ठेवू देत नसे. गावापर्यंत आगगाडीचा मार्ग १८६९-७० मध्ये झाला, त्याचा पुष्कळसा भाग चिनी हातांनीच खणला होता. तरी खाण गावाच्या जवळ येताच त्यांना कामावरून हुसकून लावले. आपल्यासाठी न्याय मागणारा माणूस दुसऱ्याला तो देतोच, असे नाही. ही गोष्ट तिकडची खरी, पण विचार करण्याजोगी आहे.

जोखीम तर पाठीशीच असे. १८६९ च्या एप्रिलमध्ये यलो जॅकेट खाणीत आग लागली आणि निदान ३५ माणसे धुराने आणि ज्वाळांनी मेली. खाण जसजशी खोल गेली, तसतसे कढत पाण्याचे झरे फुटू लागले. तीन हजार फुटांखाली काम करणाऱ्यांना वरून बर्फ पुरवावा लागे, आणि थोडा वेळ काम केले की थोडा वेळ विसावा घ्यावा लागे. हे गरम पाणी काढून द्यावे, म्हणून अॅडॉल्फ सुट्रो याने जवळजवळ चार मैल लांबीचा बोगदा खणायला घेतला. १८६९ साली सुरू केलेले काम १८७८ साली पुरे झाले. तोवर खाणी बोगद्याच्याही खाली गेल्या होत्या आणि माल संपत आला होता. मोठी कामे उशिरा झाली की अशी गत होते.

१८७३ साली सर्वांत मोठा साठा सापडला. मॅके, फेअर, फ्लड आणि ओब्रायन हे चार भागीदार कोट्यधीश झाले. यांतला मॅके एके काळी याच खाणींत रोजंदारीवर राबला होता. वीस वर्षांत या डोंगरातून सुमारे ३० कोटी डॉलरचे रुपे आणि सोने निघाले. ते गेले कुठे? बहुतेक सॅन फ्रान्सिस्कोला. शेअर तिथे विकले जात, बँका तिथे निघाल्या, हवेल्या तिथे उठल्या. फ्लडची हवेली तर अजून तिथे उभी आहे.

तुम्ही म्हणाल, सात समुद्रांपलीकडच्या खाणीशी आपला काय संबंध? संबंध आहे, बरं का! आपल्या पणजोबांच्या काळचा रुपया रुप्याचा होता. १८७० नंतर जर्मनीने सोन्याचे नाणे धरले, युरोपच्या इतर टांकसाळींनीही रुप्याकडे पाठ फिरवली, आणि त्याच वेळी अमेरिकेच्या पश्चिमेकडून नवे रुपे येऊ लागले. भाव घसरला. सुमारे दोन शिलिंगांचा रुपया १८९२ पर्यंत सव्वा शिलिंगावर आला. हिंदुस्थान सरकारला विलायतेतला खर्च सोन्यात भागवावा लागे. त्यासाठी अधिक रुपये लागत, आणि तो भार इथल्या रयतेवर पडे. अखेर १८९३ साली मुंबई आणि कलकत्ता येथील टांकसाळी लोकांच्या रुप्यासाठी बंद झाल्या. या घसरणीला कारणे अनेक, पण त्यांत या डोंगराचाही थोडा वाटा आहे.

आता गावाकडे वळू. २६ ऑक्टोबर १८७५ रोजी मोठी आग लागली आणि गावाचा बहुतेक भाग जळून गेला. लोकांनी तो वर्षभरात पुन्हा उभा केला. आज दिसतात त्या बहुतेक इमारती त्या आगीनंतरच्या. १८७७ साली पुरे झालेले न्यायालय पाहा. दर्शनी बाजूला न्यायदेवतेची मूर्ती आहे, पण डोळ्यांवर पट्टी नाही. जिल्ह्याचा कारभार अजून याच इमारतीतून चालतो. जवळच १८८५ साली बांधलेले पायपरचे नाट्यगृह आहे. याच गावच्या वर्तमानपत्रात नोकरी करताना एका तरुण बातमीदाराने १८६३ साली मार्क ट्वेन हे टोपणनाव प्रथम वापरले. पुढे ते साऱ्या जगाला ठाऊक झाले.

आणि पाण्याची गोष्ट तर शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावी. डोंगरावर प्यायचे पाणी पुरेना. तेव्हा १८७३ साली हर्मन शुसलर या अभियंत्याने सिएरा पर्वतातले पाणी सात मैल लांब लोखंडी नळातून आणले. हा नळ दीड हजार फुटांहून अधिक खाली दरीत उतरतो आणि समोरचा डोंगर चढतो. पंप नाही, काही नाही! पाणी आपली पातळी शोधते, या साध्या नियमावर सारे चालते. एक रबरी नळी आणि एक लोटा पाणी एवढ्यावर हा प्रयोग मुलांना करून दाखवता येईल. त्या योजनेचे पाणी आजही गावाला मिळते.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती १८७६ साली बांधलेली चौथ्या वॉर्डातली शाळा. चार मजली लाकडी इमारत, एक हजार मुलांची सोय, वरच्या मजल्यापर्यंत नळाचे पाणी. आगीत सर्वस्व गेलेल्या गावाने वर्षभरात ही शाळा उभी केली! १९३६ साली शेवटची तुकडी बाहेर पडली. पन्नास वर्षे दारे बंद राहिली. १९८६ साली तिथे संग्रहालय उघडले.

कारण मधल्या काळात माणसेच गेली होती. १८८० च्या शिरगणतीत जिल्ह्याची वस्ती १६,११५ होती, १९६० मध्ये ती ५६८ वर आली. २०२० मध्ये ती ४,१०४ होती. जिल्ह्याच्या उत्तर भागात आता विजेऱ्यांचा मोठा कारखाना आहे, आणि जुने गाव प्रवाशांवर जगते. १९६१ साली ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरले.

मागे आणखीही काही उरले. खनिजातून रुपे वेगळे काढायला पारा वापरत. तो हजारो टन वाया गेला आणि कार्सन नदीच्या गाळात बसला. १९९० पासून ती नदी सरकारच्या सफाईच्या यादीत आहे. तिथले मासे खाऊ नयेत, असा इशारा लोकांना द्यावा लागतो. फायदा वीस वर्षांचा, ओझे दीडशे वर्षांचे.

तेव्हा हिशेब असा मांडता येईल. रुपे बाहेर गेले, पैसा शहरात गेला, जंगल जमिनीत गेले, पारा नदीत राहिला. गावाला उरले ते गावाने सर्वांसाठी बांधलेले: शाळा, न्यायालय, पाण्याचा नळ. आपल्या गावच्या शिवारातही खडीची खाण असेल, नदीची वाळू असेल, विहिरीचे पाणी असेल. ते उपसताना एक प्रश्न ग्रामसभेत विचारावा, आणि शाळेतल्या मुलांनाही विचारायला शिकवावा. यातून निघणाऱ्या पैशातले गावात काय राहणार आहे, आणि मागे राहील ती घाण कोण निस्तरणार आहे? खाण चालू असतानाच या प्रश्नाचे उत्तर घ्यावे. ती बंद पडल्यावर उत्तर द्यायला कोणी थांबत नाही.