रस्ता खनिजाचा, हिशेब आपला



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईला बाळंतपणासाठी दवाखान्यात न्यायचे होते. रस्त्यावर लोहखनिजाच्या ट्रकांची रांग लागली होती आणि पुढे एक ट्रक चिखलात रुतला होता. तासाभराच्या वाटेला साडेतीन तास लागले. ताई आणि बाळ दोघेही सुखरूप आहेत. पण तिचा हात धरून गाडीत बसले असताना माझ्या मनात एकच प्रश्न होता, हा रस्ता नेमका कोणासाठी?

एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून निघालेले खनिज आपल्या गावांवरून बाहेर जाते. ते नेण्यासाठी सरकार आता मोठा पैसा घालत आहे. कोनसरी, मुलचेरा, हेदरी मार्गे सुरजागडपर्यंत चौपदरी रस्ता करायला राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये मंजुरी दिली. त्याचा खर्च 900 कोटींहून जास्त आहे. वडसा ते गडचिरोली हा 52 किलोमीटरचा रेल्वेमार्ग केंद्र आणि राज्य मिळून करत आहेत. ट्रक गावाबाहेरून गेले तर धूळ आणि अपघात कमी होतील, ते आपल्यालाही हवेच आहे.

पण आणखी एक पैसा आहे, त्याची माहिती आपल्याला हवी. 2015 मध्ये खाणीचा कायदा बदलला आणि खाण असलेल्या जिल्ह्यांत 'जिल्हा खनिज प्रतिष्ठान' आले. खाणवाला सरकारला रॉयल्टी देतो. त्याशिवाय त्याला प्रतिष्ठानात पैसे भरावे लागतात. 2015 च्या आधीचा खाणपट्टा असेल तर रॉयल्टीच्या 100 रुपयांमागे 30 रुपये, लिलावात दिलेला असेल तर 10 रुपये. हा पैसा खाणीची झळ बसलेल्या गावांसाठी आहे.

तो खर्च कसा करायचा याचेही नियम आहेत. 2024 च्या नियमांप्रमाणे किमान 70 टक्के रक्कम पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला व बालकल्याण, प्रदूषण रोखणे अशा कामांना द्यायची. रस्ते, पूल, सिंचन ही कामे उरलेल्या 30 टक्क्यांत बसतात.

आपण गटाच्या वहीत बचत आणि कर्जफेड एका रकान्यात लिहितो का? नाही ना! मग खनिजाच्या रस्त्याचा खर्च आणि आपल्या पाण्याचा, दवाखान्याचा पैसा यांचेही रकाने वेगळेच राहिले पाहिजेत.

त्यासाठी काय करायचे? आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. तिथे बसून गावाची गरज ठरवा. कोणाच्या विहिरीचे पाणी लाल झाले, कुठल्या पाड्यावर रुग्णवाहिका पोहोचत नाही, ते लिहून काढा. ठराव करा आणि तो ग्रामसभेच्या इतिवृत्तात आला का, ते स्वतः वाचून बघा. पेसा क्षेत्रात या निधीच्या आराखड्याला ग्रामसभेची मान्यता लागते. वर्षाअखेरी गावात कोणती कामे झाली, याचा अहवालही ग्रामसभेला मिळायला हवा. तो मागा. लाजू नका, तो उपकार नाही.

आमच्या गटाने पहिला ठराव लिहिला आहे: पावसाळ्यातही गावापर्यंत येईल अशी रुग्णवाहिका. तुमचा पहिला ठराव कोणता, ते येत्या बैठकीत नक्की ठरवा.