गुणपत्रिका आणि घरची मिळकत

(पालकांच्या सभेत केलेले भाषण)



गेल्या उन्हाळ्यात एक भगिनी माझ्या कचेरीत आली. एका हातात सहावीतल्या मुलीची गुणपत्रिका होती, दुसऱ्या हातात गळ्यातून काढलेले डोरले. ती म्हणाली, "वकीलसाहेब, पोरगी मागं पडली. हे मोडून तिला मोठ्या शाळेत घालू का?" हा प्रश्न तुमच्याही घरात कधी ना कधी उठला असेल, म्हणून त्याचे उत्तर आज तुम्हां सर्वांसमोर देतो.

पहिली गोष्ट ही की, गुण म्हणजे निव्वळ बुद्धीचे माप नव्हे. अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठी सॅट नावाची परीक्षा देशभर एकाच मापाने घेतात. असे असूनही राज चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या आकड्यांवरून काय दिसते? १६०० पैकी १३०० वा अधिक गुण मिळवण्याचे प्रमाण सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांच्या मुलांत गरिबांच्या मुलांपेक्षा १३ पट आहे. श्रीमंताच्या पोटी तेरा पट बुद्धी जन्मास येते काय? मुळीच नाही. तेथे शिकवणीला पैसा आहे, अभ्यासाला निवांत जागा आहे आणि अडल्यास सांगायला शिकलेले आईबाप आहेत. परीक्षा सर्वांना एकच असते. तयारी मात्र ज्याच्या त्याच्या घरची असते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हे मान्य केले आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेसंबंधीच्या खटल्यात २० जानेवारी २०२२ रोजी न्यायमूर्ती चंद्रचूड व बोपन्ना यांनी असा निर्वाळा दिला की, स्पर्धा परीक्षेच्या गुणांत कुटुंबाची आर्थिक व सामाजिक अनुकूलता प्रतिबिंबित होत नाही. म्हणून गुणवत्तेचा अर्थ केवळ गुणांपुरता संकुचित करता येत नाही.

मग शाळा बदलली म्हणजे गुण वाढतील काय? आंध्र प्रदेशात २००८ पासून कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन यांनी १८० खेड्यांत हे पडताळून पाहिले. सोडत काढून काही गरीब मुलांना खासगी शाळेची फी दिली. चार वर्षांनी तेलुगू व गणित या विषयांत ही मुले आणि सोडतीत नाव न निघालेली मुले सारखीच निघाली; हिंदीत मात्र खासगी शाळेतली मुले पुढे होती. खासगी शाळांचा दरडोई खर्च सरकारी शाळांच्या एक-तृतीयांशाहून कमी होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तात्पर्य, खासगी शाळा वाईट असे नव्हे. पण दोन शाळांच्या निकालांत वरवर जे अंतर दिसते, त्यातले बरेचसे अंतर शाळेचे नसून घरांचे असते. त्यासाठी कर्जबाजारी होऊ नका.

परंतु कायद्याने दिलेला हक्क मात्र सोडू नका! शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम १२ प्रमाणे विनाअनुदानित खासगी शाळेने प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांना देऊन आठवीपर्यंत मोफत शिकवले पाहिजे. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळून ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी उचलून धरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला सूट दिली. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. याचिका झाल्या म्हणूनच हे घडले. या कायद्याच्या व्याख्येत अनुसूचित जातींची बालके वंचित गटात येतात आणि त्या व्याख्येत मिळकतीची अट नाही. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींचा दर्जा १९९० च्या दुरुस्तीने मिळाला आहे. तेव्हा मूल पहिलीला जाण्यापूर्वीच जातीचा दाखला काढून ठेवा.

ज्यांची मुले मोठी झाली, त्यांच्यासाठी कलम २१ आहे. सरकारी व अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ते सांगते. ती खुर्ची रिकामी ठेवू नका.

त्या भगिनीला मी म्हणालो, "ताई, डोरले गळ्यात घाला. पोरीला काय येत नाही ते गुरुजींना नेमके विचारा, समितीत बसा, आणि संध्याकाळी दोन तास तिला धुण्याभांड्यांतून मोकळी करा." ती विचारात पडली, कारण पैशापेक्षा ते दोन तास देणे तिला अवघड होते. तुम्हांलाही ते अवघड जाईल. तरीही ते द्या. कमी गुण हा तुमच्या लेकराच्या लायकीवर झालेला निवाडा नव्हे, आणि वकील म्हणून सांगतो, ज्या निवाड्यात आपली बाजूच ऐकली गेली नाही, तो मुकाट्याने मान्य करायचा नसतो.

जय भीम!