आधी माणूस, मग आजार
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)

आदरणीय गुरुजन आणि 1984च्या दहावीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

“सध्या काय करतेस?” असं सकाळपासून अनेकांनी विचारलं. मी मूळची नर्स. आता वृद्धाश्रमांतल्या मावशींना आणि मामांना स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया झालेल्यांची काळजी कशी घ्यावी ते शिकवते. या कामाकडे मी वळले ते माझ्या एका चुकीमुळे.

मी नोकरीला होते त्या वृद्धाश्रमात एक आजी रोज संध्याकाळी दाराशी येऊन विचारायच्या, “हे अजून कसे आले नाहीत?” मी खरं ते सांगायची, “आजी, आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली.” त्या हंबरडा फोडायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, माझं तेच उत्तर. खोटं बोलू नये, हे याच शाळेत शिकले होते ना!

एकदा तिथल्या चौथी शिकलेल्या मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “ताई, तुम्ही त्यांना रोज नव्यानं विधवा करता.” मग त्या आजींजवळ जाऊन बसल्या. “साहेबांना भाजी कुठली आवडायची हो?” आजी भरल्या वांग्यांबद्दल अर्धा तास बोलत राहिल्या. मावशी खोटंही बोलल्या नव्हत्या आणि आजी रडल्याही नव्हत्या.

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठातल्या टॉम किटवूड यांनी 1997 साली ‘डिमेन्शिया रिकन्सिडर्ड’ या पुस्तकात हाच विचार मांडला. घाई करणं, फसवणं, लहान मुलासारखं वागवणं, समोर असूनही नसल्यासारखं बोलणं, यानं माणूस आणखी खचतो. आणि हे बहुतेक वेळा दुष्टपणानं घडत नाही, असंही ते सांगतात. ते वाचताना मला माझीच आठवण झाली.

माझ्या वर्गाचा पहिला तास वरणभाताचा असतो. मावशींनी डोळे मिटून बसायचं आणि दुसरीनं न बोलता, उभ्याउभ्या घास भरवायचा. दोन घासांतच कळतं, आजी तोंड का फिरवतात.

मग प्रत्येक आजी-आजोबांचं एक पान तयार करतो. गाव कुठलं, काम काय केलं, चहा कसा लागतो, आंघोळ सकाळी की संध्याकाळी, भीती कशाची. एक आजोबा रात्री दोनला उठून फेऱ्या मारायचे. ‘त्रास देतात’ अशी नोंद होती. पान भरताना कळलं, त्यांनी गिरणीत वर्षानुवर्षं रातपाळी केली होती. आता त्या वेळी त्यांना चहा मिळतो, घडी घालायला टॉवेल मिळतात. दुसऱ्या एका आजींची चिडचिड मात्र दाढ दुखण्याची निघाली. म्हणून मी सांगते, आधी दुखतंय का बघा, पोट साफ आहे का बघा, लघवीला जळजळ होते का विचारा. स्वभावाला नावं नंतर ठेवा.

अडचणीही आहेत. रात्री एका मावशीकडे 12-12 जण असतात, पगार तुटपुंजा. शिकवलेली मावशी सहा महिन्यांत सोडून जाते. जिला स्वतःला कोणी नावानं हाक मारत नाही, तिनं इतरांची नावं जपावीत, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून आता मी संचालकांचाही वर्ग घेते.

आपल्यापैकी काहींच्या घरी हा आजार आलेला आहे. वृद्धाश्रम बघायला जाल तेव्हा फरशी आणि बाग बघून निर्णय घेऊ नका. जेवणाच्या वेळी जा. भरवणारी मावशी बसून भरवते का, नावानं हाक मारते का, ते बघा.

आज फाटकातच बाईंनी मला माहेरच्या नावानं हाक मारली. आमच्याकडच्या एक आजी सासरच्या नावाला ओ देत नाहीत, माहेरच्या नावाला लगेच देतात. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर आपापलं पान लिहून ठेवा. पहिल्या ओळीत लिहा, मला कुठल्या नावानं हाक मारावी.