डोक्याचा मार आणि ढळलेला तोल

डोक्यास मार बसलेल्या माणसास घरची मंडळी मायेपोटी महिनामहिना अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवतात. चक्कर मात्र तशीच राहते! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडात कॉथॉर्न व कुक्सी या डॉक्टरांनी उलट वाट धरली. आधी नुसते डोळे फिरवावयाचे, मग मान, पुढे उठबस, चेंडूची फेकाफेक, जिना; ज्या हालचालीने चक्कर येते तीच हळूहळू, रोज करावयाची. कानातील तोलाचे इंद्रिय दुखावले तरी मेंदू नवा मेळ शिकतो, तो हालचालीनेच. आज विसावा एकदोन दिवसांचाच सांगतात. दहा दिवसांनंतरही चक्कर राहिली, तर जाणत्या चिकित्सकाकडून हे व्यायाम शिकावेत. रोगी प्रथम कुरकुरेल. तेव्हा आजीबाईंनी त्यास पुन्हा अंथरुणावर धाडू नये. मात्र वारंवार वांती, वाढती डोकेदुखी वा ग्लानी दिसल्यास व्यायाम नव्हे, तत्काळ रुग्णालय!